हाकेचे मीटर

गेल्या हिवाळ्यात, दुपारी चारलाच अंधार पडायचा तेव्हा,
उपग्रहाच्या फोटोवरून मी रस्ता ओढला:
पाच हजार एकशे तीस मीटर.
पाइनचं जंगल, डेअरीची लांब भिंत,
चर्चपाशी डावं वळण, उतार, पूल.
एकोणऐंशीनंतर इथे शर्यत झाली नाही.
तेव्हा रीगाहून बसेस भरून माणसं यायची.
आता लाकडाचे ट्रक जातात,
आणि गुरुवारी फिरतं वाचनालय.

स्क्रीनवर गाडी सोडली आणि हसू आलं.
रस्ता धावपट्टीसारखा ऐसपैस,
चर्च काडेपेटीएवढं,
काटा ताशी दोनशेवर,
आणि मी जणू सायकलवरून पाव आणायला निघालोय.

मग मी सगळं जग एका क्लिकमध्ये निवडलं
आणि ब्याण्णव टक्के केलं.
रस्ता बरा दिसू लागला.
पण बेकरीचं दार एक मीटर ब्याऐंशीवर आलं.
ओस्वाल्ड्स बेकर एक नव्वद होता.
मेलेल्या माणसाला स्वतःच्याच दारातून
वाकून जायला लावायचं?
पूर्ववत केलं.

एप्रिलमध्ये बर्फ गेला तसं
नगरपालिकेचं मापाचं चाक मागून आणलं.
डेअरीपाशी सहा चाळीस, पुलावर पाच नव्वद,
कठडा माझ्या वितीपेक्षा बोटभर कमी.
सगळे आकडे जुळले.
आकडे खरे आणि दिसतं ते खोटं,
आता भांडायचं कोणाशी?

वालियाच्या भिंतीवर एक फोटो आहे, चौऱ्याहत्तरचा.
लांब पल्ल्याच्या लेन्सने अकरा गाड्या
एकमेकींच्या पाठीवर दाबून बसवलेल्या,
आणि चर्च अगदी त्यांच्या खांद्यावर.
मी लहानपणापासून हा फोटो पाहत आलो,
माझ्या डोक्यातला रस्ता बहुधा याच फोटोतला.

वालिया नऊ उन्हाळे त्या वळणावर पिवळा झेंडा घेऊन उभी असे.
विचारलं, ब्रेक कुठे लावायचे?
म्हणाली, हाकेच्या अंतरावर.
कोणाच्या हाकेच्या?
माझ्या. आणखी कोणाच्या?

ती वळणावर उभी राहिली.
मी चाक ढकलत मागे मागे गेलो.
इल्गवार्स! इल्गवार्स!
एकशे त्रेचाळीस मीटरवर माझं नाव
नुसता वारा झालं.
तिथे खडूने रेघ मारली.

त्या रात्री टेप डोळ्यापासून स्क्रीनपर्यंत धरली:
अडुसष्ट सेंटिमीटर. स्क्रीनची रुंदी साठ.
म्हणजे माझी खिडकी अठ्ठेचाळीस अंशांची,
आणि मी हावरटासारखे नव्वद मागत होतो,
दोन्ही आरसे दिसावेत, बाजूचं शेतही दिसावं म्हणून.
शिवाय डोळा एक साठवर टांगलेला,
गाडीत बसून उभ्या माणसाचा!
तो अठ्ठ्याण्णव सेंटिमीटरवर उतरवला.

एक पाइनसुद्धा जागचा हलला नाही.
तरी भिंत कानाला घासून गेली,
चर्च अंगावर आलं,
आणि उतारावर पोटात गोळा.

रविवारी वालिया आली, काकडीच्या लोणच्याची बरणी घेऊन.
स्टिअरिंगला हात लावणार नाही म्हणाली,
तूच चालव.
खडूच्या रेघेपाशी मी ब्रेक दाबला
तर शेजारच्या खुर्चीत तिचा उजवा हात
कोपरापर्यंत वर आलेला.
तिच्या ते लक्षात आलं नसावं. मीही बोललो नाही.

मग म्हणाली, चेस्टनट कुठाय?
कुठला चेस्टनट?
वळणावरचा. त्र्याऐंशीत तोडला.
दोन शर्यतींच्या मध्ये मी टेकायचे त्याला.

केवढा होता?

तिने दोन्ही हात पसरून हवेला कवळा घातला.
बोटं बोटांना भेटली नाहीत,
मध्ये थोडी जागा उरली.
एवढा, म्हणाली. नाही, थांब. एवढा.

हलू नकोस, म्हणालो,
आणि टेप काढली.
टोक तिने चिमटीत धरलं.

गार आहे रे, म्हणाली.