शिंक

लोकांना सांगतो, गाडीवरून पडलो.
त्यात निदान थोडी इभ्रत आहे.
खरं असं, की तीस वर्षं
वजनमाप खात्याची बिडाची वजनं,
वीस-वीस किलोची,
हजिऱ्याच्या भंगारवाल्यांपासून मुरारच्या गल्ल्यांपर्यंत
मी जिन्यांवरून वाहिली, काही झालं नाही.
कंबर गेली ती
खाली पडलेला मोजा उचलताना आलेल्या
एका शिंकेत.

चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या मधलं काहीतरी
बाहेर डोकावतंय म्हणे,
दाराच्या फटीतून शेजारीण डोकावते तसं.
तोमर डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडाला धरली.
"मोटरसायकल भूल जाइए."
मी म्हटलं, बाई, टेम्पोत कधी बसलात
जिन्सी नाल्यापासून मुरारपर्यंत?
त्या हसल्या. पट्टा लिहून दिला.

हरगोविंद कुशवाह, पडावच्या पुलाखाली.
त्यानं गाडीकडे बघितलंच नाही, आधी मला बघितलं.
"बैठो. अब हाथ आगे. देखा?
कमर हाथों के पीछे-पीछे झुकती है."
हँडल दोन इंच वर, एक इंच मागे.
मागचा शॉकअप एक खाच नरम.
सीटच्या उतारात, जिथून मी सारखा टाकीवर घसरायचो,
जुन्या गोधडीची चार पदरी घडी, वर रेक्झिन.
साडेचारशे घेतले.
तराजू नव्हता त्याच्याकडे, नाहीतर तपासला असता.

तेव्हापासून रोज सकाळी कंबर कसतो.
म्हणजे खरोखरच कसतो:
पट्टा, तीन वेल्क्रो, वरून शर्ट.
टाकी गुडघ्यांत धरायची
दळणाचा डबा धरतात तशी,
आणि ब्रेकर आला की बोटभर उठायचं,
नावडता साहेब केबिनमध्ये आल्यावर
उठतो तेवढंच.

शहर मला आता पाठ आहे. पाठीलाच पाठ आहे.
नया बाजारात तीन ब्रेकर, चौथा अर्धा झिजलेला,
तो डावीकडून घ्यायचा.
फूलबागेनंतर थोडा वेळ लोणी.
ठाठीपूरला पाइपलाइन खणलीय,
तिथं देवाचं नाव आणि पहिला गिअर.

वीस मिनिटांनी उतरायचं, असा हुकूम आहे.
रस्त्याकडेला उभा राहतो,
दोन्ही हात कमरेवर, मागे वाकून.
कुल्फीवाल्यानं विचारलं,
"किला देख रहे हो, अंकल?"
हो म्हटलं.
मग बघावाच लागला.
चोपन्न वर्षांचा झालो या गावात,
तो इतका लांब पसरलेला असेल
असं वाटलं नव्हतं.

काल रविवार. सुनंदाला बहिणीकडे जायचं होतं.
आठ महिन्यांनी मागे बसली,
आधी दोनदा विचारून,
मग एकदा न विचारता.
प्रत्येक ब्रेकरच्या आधी म्हणायची, "आला."
मला दिसत होता. मी म्हणायचो, "हं."
पडावापुढे ती बोलायची थांबली.
पट्ट्यावर, बरोबर त्याच जागी,
तिनं तळहात ठेवला होता,
दाबून नाही, नुसता,
आपण पेटीचं झाकण
उघडू नये म्हणून ठेवतो तसा.

ब्रेकर आला. मी उठायला विसरलो.
सणक गेली, डाव्या पोटरीपर्यंत.
"काय झालं?"
काही नाही.
"खोटं बोलतोस."
थोडंसं.

पुढे गाय बसली होती, भर रस्त्यात, रवंथ करत.
हॉर्न वाजवला, ती हलली नाही.
मग आम्हीच उतरलो. आधी ती.
मग तिनं आरसा घट्ट धरला,
आणि मी उजवा पाय
सावकाश,
सीटवरून पलीकडे आणला,
जसा कुणी झोपलेल्या माणसावरून आणतो.