पिवळी ओळ

रात्री दोन सत्तेचाळीसला पडदा लाल झाला.
चारशे बारा अलार्म, दीड मिनिटात.
नारिनचा मनोरा म्हणाला, शेजारी गेला.
शेजारी म्हणाला, नारिन गेला.
दवाखाना, बँक, धरणावरची कचेरी,
लांबचा वळसा घालून पोचलेल्या सगळ्यांच्या हाका एकाच सुरात:
आम्ही आहोत, बाकीचे मेले.

बिश्केकमधली माझी तिसरी रात्रपाळी.
सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्याकडे माणूस धाडणार होतो.
बुरुलएजेने फोनवरचा माझा हात धरला.
"चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नकोस.
बोलतंय कोण ते सोड.
गप्प कोण आहे?"

तिने नकाशा काढला, कागदी, घडीवर फाटलेला,
कोपऱ्यावर चहाचा पेला ठेवला,
ओरडणाऱ्या एकेकावरून पेन्सिल आत आत नेली.
रेषा कोक-बेल खिंडीपाशी जमल्या.
तिथून आलेली एकच ओळ, पिवळी, किरकोळ,
मी चाळणीत गाळून टाकलेली:
दार उघडं. दोन त्रेपन्न.

"पण हे तर सहा मिनिटं नंतरचं."
"त्या घड्याळाला शरदापासून घाई आहे.
अकरा वजा कर."

दोन बेचाळीस.

खिंडीत फोन कसा लागणार?
फोन म्हणजेच तो मनोरा.
रस्तेवाल्यांच्या वायरलेसवरून
बर्फ काढणाऱ्या गाडीला निरोप दिला.
चाळीस मिनिटांनी खरखरीतून कुबातचा आवाज:
"एशिमकानची मेंढी व्यायली. उणे एकोणीस आहे इथं.
कोकरू यंत्रांच्या खोलीत आणलंय
आणि मनोऱ्याच्या सॉकेटात शेगडी लावली.
खटका पडला. बॅटऱ्या म्हाताऱ्या,
पाच मिनिटंही दम धरला नाही त्यांनी.
शेगडी काढू?"

एजे क्षणभर काही बोलली नाही.
मग म्हणाली, "आधी कोकरू कोटात घे.
मग शेगडी काढ.
मग खटका वर कर.
याच क्रमाने."

लाल ओळी विझत गेल्या,
आधी धरण, मग बँक, दवाखाना सर्वांत शेवटी.
नोंदीतलं कारण यादीतूनच निवडावं लागतं:
हवामान, यंत्र, वीज, माणूस.
तिचं बोट 'माणूस'वर थबकलं,
एक घर वर सरकलं.
मग तिने बॅटऱ्यांसाठीचा अर्ज उघडला, पाचवा,
आणि गार चहा एका घोटात संपवला.

पडद्यावर एक ओळ उरली होती, पिवळी.
मी वायरलेसवर विचारलं, दार का लावत नाही?
कुबात म्हणाला, मेंढी उंबऱ्यात उभी आहे.
हलत नाही.