तिसऱ्या खुर्चीवरून

मंगळ, गुरू, शनी. पहाटे पावणेपाच.
सॅन होजेत टायरच्या दुकानाला लागून बैठी इमारत.
तिथं आम्ही तिघं ओळीनं आडवे होतो
आणि आमचं रक्त नळीतून फिरायला बाहेर पडतं.

पहिल्या खुर्चीत ऑर्विल टॅकेट. दुसरीत मान्वेल सिल्वेरा.
तिसरीत मी,
मधे तोंड घालायचं नाही असं घरून ठरवून आलेली.

टॅकेटनं अकरा वर्षं उत्तरेकडच्या साहेबाकडे काढली,
प्रिंटरांना भाषा शिकवण्यात.
सिल्वेरा इथल्याच साहेबाकडे, साच्यांच्या खात्यात.
खोक्याचा कोपरा किती गोल असावा
यापायी सोळा साचे मोडले, म्हणतो,
आणि मोकळ्या हाताचा अंगठा हवेत फिरवून
तो कोपरा अजून दाखवतो.

सुई टोचली की सुरू.
"तुझ्या साहेबानं पेटी सजवली. माझ्यानं ती पोचवली.
शाळेत, बँकेत, गुरांच्या डॉक्टरकडेसुद्धा."
"पोचवली की! पाणी घालून दूध पोचवतात तशी."
"तुझी लोक काचेबाहेरून बघायचे."
"आणि तुझी घरी आणून शिव्या घालायचे."

मग कुणी कुणाचं उचललं.
इथं आवाज चढतात, रक्तदाबाचे आकडेही.
पडद्यावरचा बाण, खिडक्या, उंदीर:
मूल तिसऱ्याच्याच घरात जन्मलेलं,
आणि हे दोघं भांडतात बारशाला आधी कोण जेवलं यावर.
लिगाया येते, पट्टा आवळते,
"आजोबा, साहेब मंडळी तुमच्यासाठी मूत्रपिंड पाठवणारेत का?"
दोघं एकदम गप्प. मग एकदम हसतात.

मी सांगितलं नव्हतं त्यांना
की मी एकतीस वर्षं न्यायालयात टंकलेखन केलं.
साक्षीदार रडायचा थांबला की माझी बोटंही थांबायची.
एका सोमवारी माझ्या टेबलावर पेटी आली.
कोपरे गोल होते का? आठवत नाही.
आठवतं ते इतकंच, की खोडायचा शाईखोडू
मी पर्समध्ये टाकला आणि तो तिथंच वाळला.
चुका त्यानंतर दिसेनाशा झाल्या.
कमी झाल्या असं नव्हे.

फेब्रुवारीतल्या वादळात दिवे गेले.
पंप थांबले. तेवढी शांतता मी कोर्टातही ऐकली नव्हती.
अशा वेळी यंत्राच्या पोटाशी एक मूठ असते,
हातशिलाईच्या मशिनला असते तशी. ती फिरवायची,
रक्त ज्याचं त्याला परत करायचं.
लिगाया माझ्याकडे धावली, माझं यंत्र सर्वांत जुनं.
तिची मदतनीस सिल्वेराकडे.
टॅकेटकडे कुणीच नाही.
तो छताकडे बघत होता, काही मागत नव्हता.

सिल्वेरानं उजवा हात लांबवला.
सुईचा डावा हात उशीवर तसाच, हलू न देता,
वाकून, दात खाऊन, मूठ धरली.
"सावकाश," अंधारातून लिगाया ओरडली. "एकसारखं."
तो मोजू लागला. पोर्तुगीजमध्ये, त्याच्या आईच्या बेटावरच्या.
चाळिसाला टॅकेट म्हणाला,
"मूठ बरी घडवलीय."
"कोपरा टोचतोय," सिल्वेरा म्हणाला. "माझ्या साहेबानं परत पाठवली असती."
"आणि मी मेलो असतो."
"सुंदर मेला असतास."

बावीस मिनिटं.

दिवे आले. तिन्ही पडदे काळे, मग निळे,
मग कोपऱ्यात एक ठिपका, गोल गोल.
आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत राहिलो,
सिल्वेराचा हात अजून त्या मुठीवर.
"सांग," टॅकेट म्हणाला, "हे सुरू व्हायला वेळ लावणारं
कुणाच्या साहेबाचं?"

"तुझ्या," मी म्हणाले.

दोघांनीही मान वळवली.
इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.