कानातला खडा

कॉड माशाच्या कानात खडा असतो,
दोन्ही बाजूंना एकेक,
सोललेल्या वालाएवढा, दुधी, कडेला दातेरी.
तो राळेत बुडवायचा, मधोमध कापायचा,
काप काचेवर डकवायचा
आणि वलयं मोजायची:
एक उजळ, एक काळसर,
उन्हाळा, हिवाळा,
झालं एक वर्ष.
माझी पीएच.डी. म्हणजे एवढंच.
बाकीचं संख्याशास्त्र.

सेंट जॉन्समध्ये मार्चअखेरीलाही
विद्यापीठाच्या पायऱ्यांवर मीठ पसरलेलं असतं.
बूट झटकून मी तळघरात उतरते.
हे पाचवं वर्ष. शिष्यवृत्ती चारांचीच होती.
प्राध्यापक क्विग्ली जिन्यात भेटल्या की विचारतात,
तिसरं प्रकरण कुठवर आलं?
मी म्हणते, कडेपर्यंत.

एक खडा दोघांनी वाचायचा,
एकमेकांना न सांगता. असा नियम आहे.
माझ्यासोबत वाचतात लेव्हाय पॅडिक,
एकतीस वर्षं याच कामावर, पदवी नाही,
चष्म्याच्या काडीला चिकटपट्टी.
मी लिहिते सात. ते लिहितात आठ.
पुन्हा बघतो. बहुधा आठच असतात.
"मधलं एक अंग चोरून बसतं," ते म्हणतात,
"उपाशी वर्ष असं बारीक असतं.
पण धरायचं ते.
माशाने काढलंय ना."

भिंतीला लागून खणांचं कपाट,
खणांत पिवळी पाकिटं, पाकिटांत जोडीजोडीने खडे.
ऐंशीचे खण इतके गच्च
की बोट शिरत नाही.
ब्याण्णवच्या जुलैत सरकारने कॉडची मासेमारी बंद केली.
त्यानंतरच्या खणांत पाकिटं
एकमेकांवर रेलून उभी.

बाबा तेव्हा छत्तीसचे.
त्यांनी कानाला खडा लावला:
पुन्हा पाण्यावर पाय ठेवणार नाही.
होडी गवतात उपडी घातली
आणि आल्बर्टात तेलाच्या पाइपांवर गेले.
सहा आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी,
समुद्राबद्दल चकार शब्द नाही.
शास्त्रज्ञ म्हणजे त्यांच्या लेखी
ज्यांचं गणित चुकलं ते लोक.
मी जीवशास्त्राला प्रवेश घेतला तेव्हा
बटाटे सोलता सोलता म्हणाले,
"त्यांना नीट मोजायला शिकव."

काल एक पाकीट हाती आलं.
टर्न कोव्ह, एकोणीस जून एक्याण्णव.
सापळाजाळं. मादी. त्रेपन्न सेंटिमीटर.
होडी: मेरी गर्ट्रूड.
आणि खाली, पेन्सिलीने, कुठल्याच रकान्यात न बसणारं:
मालकाने पैसे घेतले नाहीत. चहा पाजला.

लेव्हाय, हे तुमचं अक्षर?
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पाकीट नाकाशी धरलं.
"लाल दाढीवाला," म्हणाले. "साखर फार घालायचा."
मी म्हटलं, अजून घालतो.
दाढी पांढरी झाली.

करवतीचं पातं मी नवीन लावलं.
उगीच. जुनं चाललं असतं.
काप घेतला, काच पुसली, पुन्हा पुसली.
मी लिहिलं पाच. त्यांनी लिहिलं पाच.
या महिन्यात पहिल्यांदाच
भिंगावर डोकं न आपटता जुळलं.
शेवटच्या काळसर वलयाबाहेर
एक कोवळी उजळ किनार होती,
नुकता लागलेला उन्हाळा.
नियमाप्रमाणे ती मोजत नाहीत.
मी मोजली नाही.
पण नजर तिथेच जात राहिली.

रात्री बाबांना फोन केला.
मासा त्यांना आठवत नव्हता.
कसा आठवेल? त्या दिवशी
होडी काठोकाठ भरली असेल.
चहाचा माणूसही आठवला नाही.
केवढा होता, विचारलं.
त्रेपन्न, मी म्हटलं.
"लहान," ते म्हणाले.
मग बराच वेळ तिकडून नुसता
केटलीचा आवाज.
"किती वर्षांची?"
पाच. दोघांनी वाचलं, बाबा.
"परत मोज," ते म्हणाले,
आणि फोन ठेवला नाही.