पुठ्ठे

हलकुडे साहेबांच्या शाळेतून यादी आली,
वहीच्या पानावर, निळ्या शाईत:
साहेबांनी ज्या ज्या जहाजांवर नोकरी केली ती.
भिंतीला टांगायची चादर पाहिजे, सात फुटी,
सत्काराच्या आत.

मी राजमणी गुंडेटी. पुठ्ठे पाडते,
अशोक चौकाच्या मागे, चौदा वर्षं.
जाकार्डला दोनच गोष्टी कळतात,
इथं भोक आहे, इथं भोक नाही.
मोर, गुलाब, वाघ, लग्नातली नावं,
सगळं मी तेवढ्यातच सांगत आले.
समुद्र कुणी मागितला नव्हता.

यादीत पहिली ‘कूर्मा’, शिकाऊ पोरांची, शिडाची.
मग ‘नीलाक्षी’, जिच्यावरून त्यांना
पाण्याखाली बुडालेला डोंगर सापडला
आणि पेपरात फोटो आला.
मग एक टग. नाव आठवत नाही, कोचीन, अकरा महिने.
मग ‘शंखिनी’. नऊ वर्षं. तिच्यापुढे मास्तरांनी
काहीच लिहिलं नव्हतं.

मी विचारलं, साहेब लढाईत होते का?
“नाही ओ. समुद्राची खोली मोजायचे.”
मी आमच्या खोलीकडं बघितलं. दहा बाय बारा.
गठ्ठे, सासू, स्टोव्ह, दोन पोरं.
मोजायला कितीसा वेळ लागतो.
माझा बाप खड्ड्याच्या मागावर बसायचा,
गुडघ्यापर्यंत जमिनीत, तीस वर्षं.
त्याची खोली कुणी पेपरात छापली नाही.

घरी आम्ही जहाजाला ओड म्हणतो.
मराठी शाळेत बाईंनी ओढ शिकवली.
पाटीवर मी दोन्ही सारखेच काढायची,
एकाच्या शेपटीला फक्त गाठ.

मे महिना. त्रेचाळीस डिग्री. नळ पाचव्या दिवशी.
घशाला कोरड, आणि मी पाणी पाडत बसलेली:
एक भोक, दोन सोडून एक भोक, ही लाट.
टगचा फोटो नव्हता, म्हणून तिला
कंबर तलावातल्या पायडलच्या बोटीचं पोट दिलं.
बोटीला भोक पडलं की बुडते म्हणतात.
माझ्या भोकांशिवाय तरंगत नव्हत्या.

मागावर जहाजं उभी विणली जातात,
नाक वर करून, सुसर दगडावर चढावी तशी.
शंखिनीच्या रात्री वीज गेली.
मेणबत्तीत नऊ पुठ्ठे दुबार शिवले मी,
आणि ती मधेच बोटभर लांब झाली.
सकाळी दिसलं. सूत संपलं होतं. गप्प बसले.

साहेब स्वतःच आले बघायला. डोळ्यांत मोतीबिंदू,
पायांत कॅनव्हासचे बूट, सोबत पुतण्या.
चादर आधी उलटी केली त्यांनी.
उलट्या बाजूला समुद्र पांढरा, जहाजं निळी.
“वरची बाजू सगळेच बघतात,” म्हणाले,
आणि हातानं वाचत गेले. कूर्मा. नीलाक्षी.
टगवर हसले, का ते सांगितलं नाही.
शंखिनीवर हात थांबला. पुढं गेला. मागं आला.
मी म्हटलं, दोनशे कापून घ्या.

“इथंच,” ते म्हणाले, “इथंच कापली होती तिला
आणि मधे नवीन तुकडा घालून वाढवली, विझागला.
फोटोतलं ते आधीचं रूप.
तुला कुणी सांगितलं?”

खरं होतं, की माझं मन राखत होते,
मी विचारलं नाही. पुतण्या घड्याळ बघत होता.
“किती पुठ्ठे लागले?”
अकराशे चाळीस. आणि नऊ.
“एवढ्या वेळा मीही दोरी सोडली असेन,” म्हणाले,
“प्रत्येक वेळी तळ लागलाच असं नाही.”

दुसऱ्या दिवशी हैदराबादची ऑर्डर आली, मोर.
जहाजांचा गठ्ठा बांधून खुंटीला लावला,
दुबार पुठ्ठे काढले नाहीत.

पहाटे तीनला नळ आला, अर्धा तास.
हौदात काठी घालून बघितली,
अंधारात, हातानंच:
चार बोटं कमी.