जळतं झुडूप

नाव सुवार्तानं ठेवलं.
भायखळ्याच्या चर्चमागच्या खोलीत, जिथं नाताळच्या नाटकातले
पुठ्ठ्याचे उंट वर्षभर भिंतीला टेकून असत,
ती म्हणाली, पेटलेलं, पण जळून न जाणारं, असं काहीतरी.
क्लेटस म्हणाला, मग ॲम्प्लिफायरही तसलाच बघा.

शमुवेल हिवाळे, आवाज. दिवसा टेलिफोन खात्यात.
सुवार्ता भिंगारदिवे, की-बोर्ड. तिच्या वडिलांची पेटी
तीस वर्षं त्याच चर्चमध्ये वाजत आलेली.
क्लेटस रिबेलो, गिटार, मरोळ गावठाणातला, कॅथलिक.
यांच्यात कशाला जातोस, असं त्याच्या फादरनं विचारलं
तर म्हणाला, त्यांच्याकडे ड्रम आहे.
ड्रम म्हणजे मी.

पहिल्या रविवारी पाळकसाहेबांनी
एका कानात बोट घालून आशीर्वाद दिला.
दुसऱ्या रविवारी मंडळीची सभा भरली.
भिंगारदिवे मास्तर उठले, उपरणं सावरलं:
देवदूत कर्णे फुंकतात, मान्य.
पण ते वर फुंकतात.
खाली भाडेकरू राहतात.

मग आम्ही बाहेर पडलो. माटुंग्याच्या एका कॉलेजात
दोन काळ्या टी-शर्टवाल्या बँडच्या मध्ये
वीस मिनिटं मिळाली.
पोरं हात वर करून हालेलुया ओरडली, चेष्टेनं,
आणि शमुवेलनं त्या चेष्टेचाच सूर पकडून
तिसरं गाणं सुरू केलं.
हात वरच राहिले.

नंतर कवटीचं लॉकेट घातलेला एक मुलगा आला.
ते तिसरं, मुलीवर आहे ना?
शमुवेल म्हणाला, हो.

टॅक्सीत कुणी बोललं नाही.
पहाटे नागपाड्याला कुठंतरी कोंबडा आरवला
तेव्हा सुवार्ता हसली.
शमुवेल नाही.

शहाण्णवच्या मे महिन्यात कॅसेट निघाली. पाचशे प्रती.
अंधेरीच्या ज्या स्टुडिओत आमच्याआधी
ढेकणांच्या औषधाची जाहिरात झाली होती, तिथं.
छापखान्यानं एक उकार जास्त दिला:
जुळतं झुडूप.
एकशेचाळीस खपल्या.
बाकीच्या माझ्या माळ्यावर, पाटा-वरवंट्याशेजारी.

क्लेटस जहाजावर गेला. प्रवासी जहाज,
रोज रात्री तीच बारा गाणी, लोक जेवत असताना.
मस्कतहून एकदा कार्ड आलं: इथला ड्रमर मशीन आहे.
मला ते कौतुक वाटलं.

शमुवेलची मुलगी आठ दिवस काचेच्या पेटीत होती.
नवव्या दिवसानंतर तो गायला नाही.
देव सोडला का, हे आम्ही विचारलं नाही.
चर्च सोडलं, एवढं दिसलं.

मी स्पीकर भाड्यानं देतो.
हळदी, उरूस, नगरसेवकाचा वाढदिवस,
नाताळात चर्चलाही, सवलतीत.
स्पीकरला कुणाचाच देव ओळखू येत नाही,
फक्त जास्त व्होल्टेज कळतं.

मास्तर गेले मागच्या लेंटमध्ये. शिवडीला पुरले.
आठवड्यानं सुवार्ताचा फोन आला, ये म्हणाली.
पेटीच्या झाकणाखाली आमची कॅसेट निघाली,
फीत तिसऱ्या गाण्यापाशी चुरगळलेली,
आणि हिशेबाच्या वहीचा एक कागद.
अख्खं गाणं सरगममध्ये उतरवलेलं,
शाळामास्तरी अक्षरात,
दुसऱ्या ओळीतल्या निषादाखाली आडवी रेघ.
कोमल हवा. बाजूला तारीख:
सभेनंतर चार वर्षांनी.

आम्ही वाजवून पाहिलं.
कोमलच हवा होता.

रात्री शमुवेलला फोन केला. सांगितलं.
बराच वेळ पलीकडे फक्त टीव्ही,
कुणाला तरी लॉटरी लागत होती.
मग म्हणाला, मला गायला सांगतोयस?
म्हटलं, नाही. चूक कळली, ती कळवतोय.

टीव्ही बंद झाला.
त्यानं ती ओळ एकदा, ओठ मिटून, म्हटली,
निषादावर थांबला,
पुन्हा तेवढाच निषाद,
आणि म्हणाला, ठेवतो,
गॅसवर दूध आहे.