सोडलेला चेंडू

तिसऱ्या बेसच्या मागे, जिथे पत्र्यावरची टायरची जाहिरात
अर्धी सोलून निघालीये, तिथलं बाक आमचं.
वेंडेल क्रास्नी : चाळीस वर्षं रेल्वेच्या वजनकाट्यावर,
कोळशाचा डबा नुसता बघून टन सांगायचा.
डोरीन स्टाउट : शाळेची बस चालवते,
मांडीवर वही, कानामागे पेन्सिल, पेन कधीच नाही.
आणि मी, शेंगांची टरफलं खिशात भरत
ऐकणारा.

या मोसमात वाद एकाच पोराचा.
एस्मेर्लिन पिचार्दो, वय एकोणीस, बानी गावचा,
मनगटं अशी की चेंडू लागला तर
पलीकडच्या लाकडाच्या वखारीतला कुत्रा भुंकतो.
लागला तर.

'अकरा,' वेंडेल म्हणतो.
'चार वाईट चेंडू सोडून बेसवर चालत गेला, फक्त अकरा वेळा.
आणि हवेत बॅट फिरवून बाद? चौऱ्याण्णव!
बाहेर पळणारा खालचा स्लायडर दिसला
की झाला उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.
हा कुठला वर जातोय.
इथेच म्हातारा होईल, आपल्यासारखा.'
हे सांगताना त्याच्या हातात तिसरं सॉसेज,
डॉक्टरांनी पहिल्यालाच मनाई केलेली.

डोरीन वहीची पानं मागे उलटते.
'मे महिन्यात पहिल्याच चेंडूवर तुटून पडायचा.
आता चौथ्यावर पडतो.
सुधारणा अशीच असते, वेंडेल,
बाहेरून चुकीसारखीच दिसते.'
मग जरा थांबून :
'त्याच्या बेटावर पोरं हेरायला येतात ना,
ते सोडलेल्या चेंडूचे पैसे देतात का कुणाला?
तिथे पोराला एकच सकाळ मिळते.
त्या सकाळी जो नुसता बघत राहिला
तो अजून तिथेच बघत उभा आहे.
भुकेल्याला ताट परत करायला शिकवतोय आपण.
वेळ लागणारच.'

वेंडेलने हनुवटीवरची मोहरी पुसली.
टनात सांगण्यासारखं काही नव्हतं.

ऑगस्टमधला गुरुवार. दिव्यांभोवती किडे,
माणसं त्याहून कमी.
नववी इनिंग, एका धावेने मागे, दोन बाद,
तिसऱ्या बेसवर आपला माणूस.
तीन बॉल, दोन स्ट्राइक.
आणि तोच आला, स्लायडर,
अर्ध्या वाटेपर्यंत अगदी सज्जन.

खांदा निघाला, कोपर निघालं, मनगटं निघाली
आणि थांबली,
जसं दारात पाऊल टाकताना कळावं
की आत आपल्याबद्दलच बोलणं चाललंय.

कॅचरने बोट दाखवलं तिसऱ्या बेसच्या पंचाकडे.
आम्हाला त्याची फक्त पाठ दिसत होती,
घामाने भिजलेली, खूप वेळ विचार करणारी.
मग दोन्ही हात बाजूला पसरले :
नाही. फिरवली नाही.

न मारलेल्या चेंडूला आवाज नसतो.
कुत्रा गप्प. लोक गाडीच्या किल्ल्या शोधत होते.
पोराने बॅट खाली ठेवली, हळूच,
उसनी आणलेली वस्तू ठेवावी तशी,
आणि चालत निघाला.
नव्वद फूट, नुसतं चालत.
स्टँडमध्ये एकच माणूस उभा राहून टाळ्या वाजवत होता,
मोहरीच्या हातांनी.

पुढच्याने पहिलाच चेंडू आभाळात उडवला. झेल.
हरलो.

सोमवारी पिचार्दोला वरच्या संघात धाडलं,
बसने, सहा तास.
'तिथले स्लायडर उशिरा वळतात,' वेंडेल म्हणाला.
'मार खाईल.'
म्हणाला, आणि वही मागून घेतली.

त्या चौकोनात डोरीनची रेघ इतकी दाबून ओढलेली
की खालच्या चार पानांवर उमटलीये.
आता त्या जागी खेळतो कुणी ओ'डे, केंटकीचा,
पहिल्याच चेंडूवर मारतो.
त्याच्या नावाखालून, न लिहिलेली,
ती रेघ जाते.
वेंडेल अंगठा फिरवून बघतो,
मग सॉसेज आणायला उठतो.